देवाचे मंदिर आणि विद्येचे मंदिर
(आपल्या परिसरातील मुलामुलींच्या शिक्षणाचा थोडक्यात इतिहास)



जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी मला सांगितले, "तुम्ही तहसील कचेरीत कागदपत्रांत वावरता, तेव्हा स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहून द्या." मी इतिहासकार नाही, की मोठा शिकलेला माणूसही नाही. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंतच झाले. शिपाई म्हणून नोकरीस लागलो, पुढे लिपिक झालो. परंतु रोज टेबलावर येणाऱ्या जुन्या कागदांनी मला बरेच शिकविले. त्या बळावर हे चार शब्द लिहितो. मंदिराच्या पुस्तकात शाळेचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. त्यांना विनंती की लेख शेवटपर्यंत वाचावा, मगच काय ते बोलावे.

जुन्या काळी गावोगावी शाळा भरत ती बहुधा देवळाच्या ओसरीत, पारावर किंवा एखाद्या पाटलाच्या पडवीत. पंतोजी बाराखडी, पाढे आणि मोडी शिकवीत. म्हणजे देऊळ आणि शाळा यांचे नाते आजचे नाही. पण त्या ओसरीवर कोणाची मुले बसत, हा प्रश्न आपण प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांची मुले ओसरीवर कशी बसणार? आणि मुलगी कोणत्याही जातीची असो, तिला ओसरी सारखीच परकी होती. देवळाचे दार ज्यांना बंद, त्यांना अक्षराचेही दार बंद, असा तो काळ होता.

हे दार पहिल्यांदा जोराने ठोठावले ते महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकीत, तरी त्या थांबल्या नाहीत. १८८२ साली सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला, तेव्हा जोतीरावांनी लेखी निवेदन देऊन मागणी केली की सरकारने वरच्या वर्गाच्या शिक्षणावर पैसा ओतण्याऐवजी खेड्यापाड्यातील प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष द्यावे आणि ते सक्तीचे करावे. शेतकऱ्याच्या घामातून सारा गोळा होतो, तर त्याच्या पोराला शाळा का नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

आता आपल्या भागाकडे वळू. आपला मुलूख त्या वेळी मध्य प्रांतात मोडत होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वी आपण भंडारा जिल्ह्यात होतो. रेल्वे आली आणि गोंदिया मोठे जंक्शन झाले. धानाच्या गिरण्या निघाल्या, बिडीचा धंदा वाढला. पैसा आला, बाजार आला. पण याच धंद्यांनी लहान हातांनाही काम दिले. सुपात तेंदूपान घेऊन मायलेकी एकत्र बिड्या वळीत बसत. रोवण्याच्या दिवसांत माय बांधीत चिखलात उभी, आणि धुऱ्यावर दहा वर्षांची पोर कडेवर तान्हे घेऊन बसलेली, हे चित्र आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. शाळा आहे की नाही, एवढ्यावर शिक्षण अवलंबून नसते. घरचे काम कोण करील, यावरही ते अवलंबून असते.

मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० साली झाला. सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला, पण खेड्यांतून तो फारसा पोहोचला नाही. कायदा कागदावर आणि पोर बांधीत, अशी स्थिती राहिली. त्याच सुमारास नागपुरात जाईबाई चौधरी या दलित समाजातील बाईने मुलींसाठी शाळा चालविली. लहानपणी त्यांनी ओझी वाहण्याचे काम केले होते. स्वतः शिकल्या, मास्तरीण झाल्या, आणि ज्यांना कोणी जवळ करीत नव्हते त्या मुलींना त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने काढलेल्या शाळेत बसविले. विठ्ठलाच्या दारी पायरीशी राहिलेल्या संताचे नाव मुलींच्या शाळेला दिले, यात केवढा अर्थ आहे!

१९३७ साली प्रांतात लोकांचे मंत्रिमंडळ आले. पंडित रविशंकर शुक्ल यांनी एक योजना पुढे आणली. तिचे नावच 'विद्यामंदिर'. ज्या गावाच्या आसपास मैलभरात शाळा नाही आणि शाळेच्या वयाची चाळीसेक मुलेमुली आहेत, तेथे विद्यामंदिर काढावयाचे. त्यासाठी गावातील दानशूर माणसाने जमीन द्यावयाची आणि तिच्या उत्पन्नावर शाळेचा व गुरुजींचा खर्च भागवावयाचा. देवळाला जशी इनाम जमीन, तशी शाळेला जमीन. १९३८ साली वर्धा येथे या योजनेच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तिचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. पण योजना फार फोफावली नाही. 'मंदिर' या नावावरून मुस्लिम बांधवांनी हरकत घेतली आणि वाद झाला. १९३९ साली युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि पाठीशी उभे राहणारे सरकारच गेले. यातून दोन धडे मिळतात. शाळेचे नाव असे असावे, दार असे असावे, की कोणालाही ते परके वाटू नये. आणि केवळ सरकारच्या भरवशावर राहिलेले काम सरकार बदलले की थांबते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली आपल्याकडे जनपद सभा आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९५० साली घटना अमलात आली. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे तिच्यात लिहिले गेले. १९५४ साली घटनाकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीस उभे राहिले. त्यांचा पराभव झाला, पण आपल्या भागातील माणसांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिले, ऐकले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर आपल्या परिसरातील बौद्ध वस्त्यांतून, घरी खायला असो वा नसो, पोराला शाळेत घालण्याची जी जिद्द दिसली, ती इतर समाजांनीही शिकण्यासारखी आहे.

संत गाडगेबाबांचे नाव घेतल्याशिवाय वऱ्हाड-झाडीपट्टीतील शिक्षणाचा इतिहास पुरा होत नाही. हातात खराटा, डोक्यावर गाडगे. बाबांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, पण लोकवर्गणीतून धर्मशाळा व शाळा उभ्या केल्या. कीर्तनात ते लोकांना विचारीत, देव दगडात आहे की माणसात? कर्ज काढून सण करू नका, जेवणाची ताटवाटी विकावी लागली तरी चालेल पण पोरांना शिकवा, हा त्यांचा उपदेश होता. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. आज आपण मंदिरासाठी वर्गणी गोळा केली आहे. बाबा असते तर त्यांनी प्रथम मंदिराचे आवार झाडले असते, आणि नंतर आपल्याला विचारले असते, "गावातली सगळी पोरं शाळेत जातात ना?"

१ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो आणि १९६२ साली जिल्हा परिषदा होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. गावात चौथीपर्यंत, कोठे सातवीपर्यंत शाळा झाली. पण पुढे काय? हायस्कूल म्हणजे मोठ्या गावची गोष्ट. येथे आपल्या गोंदियाचे मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) यांचे स्मरण करणे आपले कर्तव्य आहे. बिडीचा व्यवसाय करणाऱ्या या माणसाने १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि गोंदिया-भंडारा भागात हायस्कुले, महाविद्यालये काढली. खेड्यातील मुलाला मॅट्रिकसाठी भंडारा-नागपूरचा रस्ता धरावा लागत होता, तो कमी झाला. एका व्यापाऱ्याची दानत हजारो घरांत दिवा लावू शकते, हे देणगीदार बंधूंना वेगळे सांगावयास नको. त्याच सुमारास महाराष्ट्र सरकारने कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफी दिली. जुनी मंडळी तिला 'ई.बी.सी.' म्हणतात. बाराशे रुपयांच्या आतील उत्पन्नाचा दाखला आणला की फी माफ. कितीतरी गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी या एका सवलतीवर घडले.

परंतु यात मुली किती? आता मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मान खाली जाते, तरी सांगतो.

माझी थोरली बहीण चौथीपर्यंत शिकली. गणितात हुशार होती. बाबा मजुरीला जात, माय रोवण्याला जाई आणि उरलेल्या वेळी बिड्या वळी. मी चार वर्षांचा होतो आणि धाकटा भाऊ रांगता. आम्हाला सांभाळायला कोणीतरी हवे होते. "पोरीले शिकवून का करता?" असे शेजारपाजारचे म्हणाले आणि घरच्यांनी ऐकले. शाळा लांब नव्हती. गोंदिया तर हाकेच्या अंतरावर. तरीही ती शाळा तिच्यासाठी लांबच राहिली. मी मात्र पुढे शाळेत गेलो, दहावी पास झालो, नोकरीला लागलो. माझ्या एस.एस.सी.च्या सर्टिफिकेटवर माझे एकट्याचे नाव आहे. खरे म्हणजे तेथे दोन नावे पाहिजे होती.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी बाईला जन्मतारखेचा पुरावा लागला. मी शाळेतून तिचा दाखला काढून आणला. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात लिहिले होते : 'सतत गैरहजर'. मी तिला वाचून दाखविले. ती हसली आणि म्हणाली, "गैरहजर कोठी होती मी? घरीच त होती." त्या रात्री मला झोप लागली नाही. गुरुजींची काही चूक नव्हती. रकान्यात बसेल तेच त्यांनी लिहिले. पण दोन भावांना कडेवर घेऊन घर राखणारी पोर सरकारी दप्तरात गैरहजर ठरली, आणि तिच्या कडेवर बसलेला मी हजर ठरलो.

यानंतर झालेल्या सुधारणा मी याच नजरेने पाहतो. प्रत्येक योजनेने पोरीच्या वाटेतला एकेक दगड उचलला. १९८३ साली सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना आली. गरीब मुलीच्या वही-कपड्यासाठी गावातील एखाद्याने दरमहा थोडी रक्कम द्यावयाची. १९८० नंतरच्या दशकातच मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले, म्हणजे फीचा दगड गेला. १९९२ पासून दुर्बल घटकातील गरीब मुलींना पहिली ते चौथीपर्यंत हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया भत्ता मिळू लागला. रुपया लहान दिसतो, पण पोर घरी राहिली तर काम आणि शाळेत गेली तर नुसता खर्च, या हिशेबाला त्याने प्रथमच उत्तर दिले. १९९५ साली पोषण आहार आला. सुरुवातीला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे, त्यासाठी ऐंशी टक्के हजेरी लागे. पुढे शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले. धानाच्या कोठारात राहूनही ज्यांच्या घरी श्रावणात चूल थंड असे, त्यांना याची किंमत ठाऊक आहे. १९९६ च्या सुमारास अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातील मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळाला. पुढे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि लांबच्या गावांसाठी निळ्या बसगाड्या सुरू झाल्या. सकाळी रस्त्याने गणवेशातील पोरींची सायकलींची रांग जाताना दिसते, तेव्हा कोणत्याही मिरवणुकीपेक्षा ती मला सुंदर वाटते.

घटनेत दहा वर्षांची मुदत लिहिली होती. पण शिक्षण हा मुलाचा हक्क म्हणून कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. या कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. जन्माचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दहा वर्षांची पोर कधीच शाळेत गेली नसेल, तर तिला पहिलीत न बसविता वयाप्रमाणे वर्गात घ्यावयाचे व मागे राहिलेला अभ्यास करून घ्यावयाचा. विटाभट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या मजुरांच्या मुलांनाही हा हक्क आहे. ती आपल्या गावची नसली तरी त्या दिवशी ती आपल्याच शिवारात आहेत.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. आपल्या भागात शाळेच्या प्रवेश-नोंदीच्या जुन्या पुस्तकाला 'दाखल-खारीज' म्हणतात. कोण कधी दाखल झाला, कधी खारीज झाला, जात काय, वडिलांचे नाव काय, सारे त्यात असते. जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीस ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याचा आजा शाळेत गेला, त्याला दाखल-खारीजचा उतारा मिळतो आणि काम सोपे होते. ज्याचा आजा शाळेत गेलाच नाही, त्याची नात कोतवाल पंजी, हक्कनोंदणी शोधत कचेरीच्या पायऱ्या झिजविते. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ज्याला शाळेबाहेर ठेवले, त्याच्या चौथ्या पिढीला सवलत घेतानाही अडते. सर्वांत गरजवंत तोच सर्वांत मागे राहतो. अन्याय एका पिढीत संपत नाही, तो कागदावर उतरून पुढे चालत राहतो.

आणि कागदाचे महत्त्व कमी झालेले नाही, वाढले आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतील आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण-फी माफ केली. १ एप्रिल २०२३ नंतर पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरी जन्मलेल्या मुलीला 'लेक लाडकी' योजनेतून टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळावयाचे आहेत, त्यांतील टप्पे पहिलीत, सहावीत व अकरावीत जाण्याशी जोडलेले आहेत. डॉक्टर, इंजिनिअर, नर्स होण्याची वाट आता फीने अडत नाही. पण जूनमध्ये प्रवेशाची तारीख तोंडावर आल्यावर धावत येणाऱ्या बापाला वेळेवर दाखला मिळाला नाही, तर ती वाट कागदाने अडते. म्हणून हात जोडून सांगतो, मुलगी नववीत गेली की जातीच्या आणि रहिवासाच्या दाखल्याच्या मागे लागा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका.

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया मोजल्या गेल्या. मुलगी जन्माला येऊ देण्यात आपला जिल्हा मागे नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. साक्षरताही सुमारे ८५ टक्क्यांवर होती. पण अजून काम बाकी आहे. देवरी, सालेकसा भागातील जंगलातल्या पाड्यांवर पट कमी म्हणून शाळा टिकविण्याचा प्रश्न आहे. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय राज्यात झाला होता. नकाशावर 'जवळची' असणारी शाळा सात वर्षांच्या पोरीला पावसाळ्यात नाला ओलांडून गाठावी लागते. आपले कुडवा शहराला लागून असल्याने आपला प्रश्न निराळा आहे. येथे शाळांची उणीव नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो मुलाला कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवितो आणि मुलीला गावच्या शाळेत ठेवतो. आणि ज्याच्याकडे काहीच नाही, त्याची पोर अजूनही घरी तान्हे सांभाळते.

आता माझी समितीला आणि ग्रामस्थांना नम्र सूचना. मंदिराचा नवा सभामंडप पक्का झाला आहे, पंखे व दिवे लागले आहेत. आरतीनंतर तो रात्रभर रिकामा असतो. संध्याकाळी दोन तास तेथे मुलामुलींची अभ्यासिका बसवावी. ज्यांच्या घरी एकच खोली आणि एकच दिवा आहे, त्यांना ती जागा देवाच्या कृपेसारखी वाटेल. तेथे कोणत्याही जातीधर्माच्या लेकराला मज्जाव नसावा. रोवण्याच्या महिन्यात तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय गावाने मिळून करावी, म्हणजे मोठ्या बहिणीला शाळा सोडावी लागणार नाही. बांधकामातून रक्कम उरली तर ती मुलींच्या परीक्षा-फीसाठी वेगळी ठेवावी व तिचा हिशेब याच फळ्यावर लिहावा. आणि दाखल्यांचे अर्ज भरून देण्यासाठी मी स्वतः दर रविवारी सकाळी मंदिरात बसेन. या कामाचा एक पैसा घेणार नाही. हीच माझी वर्गणी समजावी.

देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातील. ते योग्यच आहे. माझ्या बहिणीचे नाव कोणत्याही पाटीवर येणार नाही. परंतु यापुढे गावातील एकाही पोरीच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असे लिहिले जाऊ नये, एवढे जरी आपण पाहिले, तरी तिला सर्व काही मिळाले असे मी मानीन.

देवळाचा जीर्णोद्धार दगड-सिमेंटने होतो, गावाचा जीर्णोद्धार लेकरांच्या शिक्षणाने होतो. दोन्ही कामे परमेश्वर आपल्या हातून करून घेवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना. लिहिण्यात काही उणेअधिक झाले असल्यास थोरांनी लहान समजून क्षमा करावी.

— आपला, कुडवा येथील एक ग्रामस्थ
(लिपिक, तहसील कार्यालय)